रोज जवळ बाळगायची छोटी, न मिटणारी सुरी : कोण कोण वापरतं?

मळ्यातला

मिटणाऱ्या चाकूंवर इथे बरंच लिहून झालंय. हा धागा न मिटणाऱ्या सुरीसाठी. पातं आणि मूठ एकसंध, वर म्यान, आणि आकार एवढाच की पट्ट्याला अडकवली तर दिवसभर तिची आठवणही होऊ नये. पातं चार इंचांच्या आसपास, शक्यतो कमीच. जंगलात झोपडी बांधायला निघालेल्यांचे बोटभर जाडीचे सुरे हा इथला विषय नाही.

माझी दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. दिवसभरात सुरी कशाला लागते? सुतळी, खताच्या गोणीची शिवण, ठिबकची बारीक नळी (लॅटरल), खोक्यांच्या पट्ट्या, कलमांच्या दिवसांत प्लॅस्टिकची पट्टी, आणि जेवताना काकडी-कांदा. (औषधाच्या डब्यांना ही सुरी लागत नाही. त्याची वेगळी कात्री शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. आधीच सांगतो, नाहीतर पहिला प्रतिसाद त्यावरच येईल.)

मिटणाऱ्याशी माझं भांडण नाही, बरीच वर्षं तोच होता. पण माती, ओल आणि चीक यांच्यापुढे त्याचा सांधा टिकत नाही. वाळू शिरली की करकरतो, चीक वाळला की जाम होतो. हातमोजे घालून नखाने पातं ओढून काढायची कसरत ज्याने केलीय त्याला कळेल. सुरीला ही भानगड नाही. काढली, कापलं, पुसली, ठेवली. संध्याकाळी नळाखाली धरली की स्वच्छ, कारण घाण लपायला जागाच नाही. आणि जोर लावताना पातं बोटांवर मिटेल ही धास्तीही नाही.

सध्या दोन वापरतो. एक स्वीडनच्या मोरा गावची, 'मोरा' नावाचीच, साध्या प्लॅस्टिक मुठीची. त्या गावात १८९१ पासून सुऱ्यांचे कारखाने आहेत आणि त्यांची ही सुरी दिसायला इतकी साधी की कोणी दुसऱ्यांदा बघत नाही, हा मी गुण समजतो. दुसरी इथल्याच लोहाराकडून ट्रकच्या पाट्याची करून घेतलेली.

दोन गोष्टी विचारायच्यात. पावसाळ्यात चामड्याचं म्यान कोणी टिकवलंय का? आणि गावात, शहरात, ट्रेकला तुम्ही ती नेमकी कुठे ठेवता?

पॉपकॉर्न_हवालदार

जागा पकडली. धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत कोणीतरी कायदा सांगून टाका.

आंबोळी

मळ्यातले दादा, आमच्या कोकणात हे नवीन नाही हो. कमरेला मागे आकडी आणि आकडीत कोयती, हे आमच्या आज्याचं रोजचं नेसणं होतं. म्यानबिन काही नाही, उघडी कोयती पाठीमागे लटकलेली. वाकताना, गडगा चढताना, माडावर जाताना ती कशी लागायची नाही हे मला अजून कळलेलं नाही. शहाळं सोलणं, कवळं म्हणजे पालेदार फांद्या तोडणं, काटी तासणं सगळं तिच्यावर. पण कोयती बारीक कामाला येत नाही, आणि तुमची सुरी नेमकी तिथेच लागते.

मी कलमं बांधते. कोय कलमाला, म्हणजे कोयीतून उगवलेल्या रोपावर काडी बसवायला, त्या रोपाची पालवी तांबूस, कोवळी असतानाच काम करावं लागतं. खुंट, म्हणजे खालचं रोप, छाटायचा, मधोमध उभी चीर द्यायची, आणि कलमकाडीला दोन्ही अंगांनी तासून पाचर करायची. पाचरीची बाजू एकाच ओढीत सपाट आली पाहिजे. दोनदा ओढलंत की मध्ये पायरी राहते, तिथे फट पडते आणि काडी सुकते. यासाठी पातं पातळ लागतं, दोन मिलिमीटरच्या वर नकोच. मिटणारे कलमचाकू चांगले मिळतात, पण आंब्याचा चीक सांध्यात जाऊन बसतो आणि तुम्ही म्हणता तसंच होतं.

म्यानाबद्दल: चामडं जूनमध्ये ट्रंकेत आणि दिवाळीनंतर बाहेर. पावसाळ्यात ते ओल धरून ठेवतं, पात्याला गंजाचे ठिपके आणि म्यानाला बुरशी, दोन्ही एकदम. साध्या पोलादाचं पातं असेल तर रात्री म्यानातून बाहेर काढून, कोरडं पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून ठेवायचं. खाण्याच्या कामाला तीच सुरी असते म्हणून मशीनचं तेल नको.

पेठेतला

मस्त धागा! मी पुण्यात, आयटीत. पार्सलं उघडणं, टपरीवर पेरू कापणं, झाडांच्या कुंड्या, असली कामं रोज असतात. एक तीन इंची सुरी मागवलीय, शर्टाखाली पट्ट्याला आडवी लावायचा विचार आहे. ९ इंचांच्या आत सगळं कायदेशीर असतं ना? नेटवर सगळीकडे तेच लिहिलंय. आणि वेळ आली तर बचावालाही उपयोगी.

काळा_कोट

पेठेतले, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांनी माझी संध्याकाळ घेतली. माहिती म्हणून लिहितो, सल्ला हवा असेल तर समोर बसून घ्यावा.

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'शस्त्र' म्हणजे हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली किंवा तशी बदलून घेतलेली वस्तू. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू त्यातून वगळलेल्या आहेत. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत, पाचव्या प्रवर्गात, तलवारी, खंजीर, संगिनी, भाले यांच्या जोडीला ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं आहेत. तिथेही घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळून. तुमचे नेटवरचे ९ इंच ते हे. रुंदीचं कलम मात्र लोक विसरतात, आणि यादीत खंजीर वेगळा नाव घेऊन आलाय हेही विसरतात. म्हणून दुधारी पातं, कितीही छोटं असो, घेऊच नका. शेतात आणि स्वयंपाकघरात दोन्हीकडून धार कोणाला लागते?

आता दुसरा भाग, जो नेटवर कोणी लिहीत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, म्हणजे जुना मुंबई पोलीस कायदा, कलम ३७(१). सण, निवडणूक, मोर्चे, काही तणाव असला की पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी शस्त्रबंदीचा आदेश काढतात. पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात: 'जिल्ह्यात जमावबंदी व शस्त्रबंदी लागू'. त्या आदेशात ९ इंच वगैरे काही नसतं. सुऱ्या, काठ्या, लाठ्या, आणि शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू. मोडलात तर कलम १३५. हे आदेश वर्षातून कितीदा निघतात ते आपल्या जिल्ह्याचा पेपर चाळून पाहा.

तिसरं, मेट्रो, न्यायालय, मॉल, विमानतळाची हँडबॅग. तिथे नियम त्या जागेचा. स्कॅनरवाल्याशी अनुसूचीवर वाद घालून कोणी जिंकलेलं मी पाहिलं नाही.

आणि 'बचावालाही उपयोगी'. व्याख्या परत वाचा: हल्ल्यासाठी *किंवा बचावासाठी*. पेरू कापायची सुरी ही सुरी आहे. 'साहेब, सेफ्टीसाठी ठेवलीय' असं नाक्यावर म्हणालात की त्या वस्तूचा हेतू तुम्हीच तोंडाने बदलून दिलात. समोरच्याला सिद्ध करायला फार काही उरत नाही.

(अवांतर: प्रत्येक राज्याच्या स्वतःच्या गमती आहेत. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाच्या आणि गरारीच्या (दातेरी खटक्याच्या) चाकूंवर ७.६२ सेंटीमीटर पात्यापासून पुढे निर्बंध आहेत. म्हणजे तीन इंचच. ९ इंचांचं माप तिथे चालवू नका.)

पेठेतला

काका, एवढं घाबरवू नका. शेतकरी दादा पट्ट्याला लावून फिरतात ते चालतं आणि मी लावली तर गुन्हेगार?

मळ्यातला

पेठेतले भाऊ, मी बागेत लावतो. गावात किराणा आणायला जाताना ती शेडमध्ये राहते. नाशिकला मार्केटला जाताना गाडीतल्या टूलबॉक्समध्ये, पाने-पक्कडीच्या सोबत. कारण तिथे मला काही कापायचंच नसतं.

माझं मत विचाराल तर फरक मापाचा नाहीच, कामाचा आहे. आंबोळीताईंच्या आज्यांची कोयती केवढी मोठी असेल, पण तिच्याकडे बघून कोणी दचकत नव्हतं, कारण दुसऱ्या हातात गवताचा भारा होता. तुमची तीन इंची शर्टाखाली लपवलेली, आडवी, पटकन निघेल अशी. लपवण्यात आणि पटकन काढण्यात पेरूला काय फायदा? ऑफिसच्या डब्याच्या पिशवीत टाका की सरळ. नाहीतर ड्रॉवरमध्ये ठेवा. पार्सल तिथेच येतं ना?

आणि मारामारीसाठी म्हणून ज्याला सुरी हवी त्याने हा धागा बंद करावा. मी त्यावर एक अक्षर लिहिणार नाही.

काळा_कोट

+१. 'डब्याच्या पिशवीत' हे वकिलाला आवडणारं उत्तर आहे. त्यात पुण्यात कोयत्यांच्या प्रकरणांनंतर वातावरण कसं आहे ते तुम्ही मला सांगायचं. २०२३ च्या सुरुवातीला कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघा, असं दुकानदारांना सांगायची वेळ आली होती. अशा शहरात शर्टाखाली आडवी सुरी. बघा बुवा.

पेठेतला

बरं, बरं. ड्रॉवर. पण मग छोटी सुरी घ्यायची की साधा कटरच बरा?

मळ्यातला

निव्वळ खोक्यांना कटरच बरा. त्याला चिकटपट्टीचा डिंक लागतो, बोथटला की टोक मोडायचं आणि पुढे. चांगली सुरी त्यात वाया घालवू नका. पेरूला सुरी.

डोंगरवेडी

मी ट्रेकला नेते. ग्रुपमध्ये कांदे-बटाटे कापायला, दोरीची टोकं कापायला, कधी बुटाचा सोल सुटला तर पट्टी कापायला. मिटणारा चाकू चुलीजवळच्या राखेत पडला की मळ्यातले म्हणतात तेच होतं. पीठ लागलेल्या हातांनी तो उघडणं तर अशक्यच.

एक अनुभवाचं बोलते: पाठीवरच्या सॅकच्या पट्ट्याला छातीवर सुरी लावायची फॅशन आलीय, ती करू नका. घसरून पडलात तर म्यानाचं टोक बरगडीत. सॅकमध्ये, स्वयंपाकाच्या पिशवीत, चमच्यांबरोबर. मला आजवर कोणी अडवलेलं नाही.

काळा_कोट

डोंगरवेडी, परत मीच. रागवू नका.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, कलम ३१. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन प्रवेश नाही. आणि त्या कायद्यात 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या शस्त्र अधिनियमापेक्षा फार मोठी आहे: त्यात दारूगोळा, धनुष्यबाण, बंदुका यांच्या रांगेत गळ, सुऱ्या, जाळी, विष, सापळे सगळं येतं. इथे इंच नाहीत, 'घरगुती' म्हणून सूट नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच कलम लागू होतं.

आता तुमचे आवडते ट्रेक मोजा. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. भीमाशंकर तर नावातच अभयारण्य.

डोंगरवेडी

अरे देवा. वासोट्याला बामणोलीहून बोटीने उतरल्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून घेतात, अनामत ठेवतात, सॅक उघडून बघतात. सुरीबद्दल कोणी काही म्हणालं नव्हतं, म्हणून मला वाटलं चालतं.

करवंद

चालतं आणि कोणी बोललं नाही यात फरक आहे ताई. मी जंगलालगतच्या गावातला, पाहुण्यांना वाटाड्या म्हणून जातो. चौकीवरच्या गार्डला कांदा कापायची सुरी कळते, त्यालाही जेवायचं असतं. पण त्याच सॅकमध्ये दोरी, बॅटऱ्या, रात्रीची वेळ आणि वाट सोडून फिरणारी मंडळी दिसली की तो तिची वेगळी नोंद करतो, आणि त्याचं चुकत नाही. सोपं म्हणजे भाजी घरून कापून न्या. नाहीतर आमच्याकडे जेवा, पिठलं-भाकरी मिळते. विळी आमचीच.

डोंगरवेडी

पिठल्याचं पटलं. अभयारण्याबाहेरच्या किल्ल्यांना नेईन, आत नाही.

श्टुटगार्टकर

इकडचं सांगतो, गंमत वाटेल. जर्मनीच्या शस्त्र कायद्याच्या ४२अ कलमाप्रमाणे न मिटणारी सुरी १२ सेंटीमीटर पात्यापर्यंत जवळ बाळगता येते. पण एका हाताने उघडून खटकन अडकणारा चाकू, पातं कितीही छोटं असो, सबळ कारणाशिवाय नाही. म्हणजे मळ्यातल्यांची सुरी खिशात चालेल आणि तिच्या निम्म्या आकाराचा फॅन्सी चाकू चालणार नाही!

इंग्लंडमध्ये बरोबर उलटं. तिथे तीन इंचांपर्यंत धार असलेला, न अडकणारा मिटता चाकू चालतो. न मिटणाऱ्या सुरीला मात्र, ती केवढीही असो, कारण सांगता आलं पाहिजे.

जोलिंगन शहरातल्या सुरीहल्ल्यानंतर ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस इथे नियम आणखी आवळले. जत्रा, उत्सव, बाजार, लांब पल्ल्याच्या गाड्या यांत सुऱ्यांना बंदी. बांधून नेता येते, पण अशी की हातात यायला तीनहून जास्त कृती कराव्या लागतील: पिशवी उघडा, डबा बाहेर काढा, झाकण उघडा, म्यानातून काढा. सहलीला जाताना आमची सफरचंदाची सुरी आता झाकण लावलेल्या डब्यात, डबा पिशवीत. गणपतीच्या कार्यक्रमाला हॉलवर जाताना नारळ फोडायला काय न्यायचं यावर आमच्या मंडळात एक तास चर्चा झाली. शेवटी हॉलच्या पायरीवर फोडला.

सुगरण_आजी

तुमची सगळी चर्चा वाचली. आमच्या वेळी नवरदेवाच्या हातात हळदीपासून लग्न लागेपर्यंत कट्यार असायची, ज्यांच्याकडे कट्यार नसे ते अडकित्ता धरत. बाळंतिणीच्या उशाशी विळा. कोणी इंच मोजले नाहीत! हलकेच घ्या.

पण एक सांगते, सुरी कोणाच्या हातात द्यायची असेल तर खाली ठेवावी, त्याने उचलावी. लोक म्हणतात भांडण होतं. भांडण होवो न होवो, बोट तरी कापत नाही.

भाता

पाट्याच्या सुरीचा उल्लेख आला म्हणून लॉगिन केलं. आमचा पिढीजात घिसाड्याचा धंदा. माझं आता फॅब्रिकेशनचं दुकान आहे, वडील अजून भट्टी पेटवतात.

पाटा म्हणजे ट्रकचा कमानपाटा, स्प्रिंगचं पोलाद. नव्यापेक्षा जुना स्वस्त, पण जुन्यात डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. ठोकताना तिथूनच उकलतो. म्हणून वडील आधी तुकडा लाल करून हवेत गार होऊ देतात, मग घासून बघतात. पाटा जाड असतो, छोट्या सुरीला तो तीन मिलिमीटरच्या आत आणायला खूप ठोकावा लागतो. लोहार कंटाळला की जाडच ठेवतो. घेताना पाठीची जाडी बघा. चार-पाच मिलिमीटर असेल तर ती सुरी कांदा कापणार नाही, चिरफाळेल.

पाणी देणं, म्हणजे तापवून बुडवून पातं कडक करणं, हा खरा कस. पातं लाल होतं, पण किती लाल? वडील चुंबक लावून बघतात. चुंबक धरायचं थांबलं की अजून थोडंसं तापवून लगेच तेलात. साध्या पाण्यात बुडवलं तर कडक होतं पण तडकायची भीती. आमच्याकडे फक्त धारेची बाजू बुडवतात, पाठ वर राहते. धार कडक, पाठ मऊ, मग आपटली तरी मोडत नाही. लगेच कानस लावून बघायची. कानस चावली तर परत भट्टीत, घसरली तर बरोबर.

एवढ्यावर सोडली तर धार काचेसारखी तुटते. म्हणून परत हळू तापवायची, घासून पांढऱ्या केलेल्या जागेवर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढेपर्यंत. निळा चढला तर जास्त मऊ झाली. ज्यांच्याकडे केकचा ओव्हन आहे त्यांनी २०० अंशांवर तासभर, दोनदा ठेवली तरी काम होतं. रस्त्याकडेला मिळणाऱ्या चकचकीत सुऱ्यांत ही दुसरी पायरी बहुतेकदा गाळलेली असते, तिथेच त्या स्वस्त होतात.

मुठीत पातं किती आत गेलंय हेही विचारा. मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं आणि दोन रिपिट मारलेलं असेल तर आयुष्यभर हलत नाही.

आंबोळी

भाताभाऊ, दंडवत. वाचनखूण साठवली. मग स्टेनलेस वाईट का? मासे साफ करायला मला तीच बरी वाटते.

भाता

वाईट कशाला असेल ताई. खाऱ्या पाण्याच्या कामाला तीच घ्या. फक्त 'स्टेनलेस' एवढंच लिहिलेली नको. चांगल्या स्टेनलेसमध्ये कार्बन सुमारे ०.६ टक्के आणि क्रोमियम तेरा टक्क्यांच्या वर, मोराच्या स्टेनलेस पात्यात साधारण तेच असतं. ती धार धरते. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त सुऱ्यांत कार्बन इतका कमी की गंजत नाहीत आणि कापतही नाहीत. भट्टीवर मात्र स्टेनलेस माझ्याकडे आणू नका, ते आमच्या अंदाजाचं काम नाही.

पेठेतला

माझी आली. हातात घेतली, टोमॅटो दाबतोय पण कापत नाही. नवीन असून बोथट. काय करू? धारवाला सायकलवर येतो त्याला देऊ?

मळ्यातला

त्याला विळी, कात्री द्या. छोट्या पातळ पात्याला त्याचं फिरतं चाक फार खातं, आणि घासताना तापलं तर टोकाकडचं पाणी उतरू शकतं.

दुपदरी दगड घ्या, एक बाजू भरड, एक बारीक. ओला करा. सुरी दगडावर आडवी टेकवा आणि पाठ थोडी उचला. किती? प्रत्येक बाजूला १५ ते २० अंश. कोनमापक शोधू नका: मोरासारख्या सुरीला धारेपाशी रुंद सपाट उतार असतो, तो अख्खा दगडाला टेकला की कोन आपोआप बरोबर. दुसऱ्या प्रकारच्या सुरीला उताराच्या कडेवर मार्करची रेघ मारा. चार वेळा ओढा आणि बघा, शाई कुठून गेली? फक्त वरून गेली तर पाठ जास्त खाली आहे, फक्त टोकाच्या धारेवरून गेली तर जास्त उचललीय.

एकाच बाजूने ओढत राहा. मग पलीकडच्या बाजूला नख पाठीकडून धारेकडे हलकेच आणा, धारेच्या कडेशी बारीक खरखर अडकेल. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. मध्ये कुठे गुळगुळीत असेल तर तिथे अजून दगड पोचलेला नाही. बहुतेक लोक इथे घाई करतात आणि मग म्हणतात मला धार लावता येत नाही. सलग लागली की बाजू बदला, तेवढंच करा, मग बारीक दगड, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर उलट दिशेने, म्हणजे पाठ पुढे धार मागे, ओढून ती खरखर काढा. पुढच्या वेळी भरड दगड लागणारही नाही. प्रवासात दगड नसेल तर चिनीमातीच्या कपाचं बूड, जिथे चकाकी नसते ती कडा, तेवढ्यापुरती कामाला येते.

तपासायला वर्तमानपत्राचा कागद. हातावरचे केस काढून दाखवणारे व्हिडिओ बघू नका.

डावखुरा

उशिरा आलो. मी डाव्या हाताचा, आणि विकतच्या म्यानांची अडकवण नेहमी उजव्यांसाठी. मळ्यातले, तुमच्या पाट्याच्या सुरीला म्यान कशाचं आहे?

मळ्यातला

पीव्हीसी पाइपचं. शेतकऱ्याकडे दुसरं काही नसलं तरी पाइपचा तुकडा असतोच.

सुरीच्या पात्याहून बोटभर लांब तुकडा कापा, उभा चिरा. हॉट एअर गनने, नसेल तर गॅसच्या ज्योतीपासून लांब धरून, फिरवत गरम करा. पीव्हीसी साधारण ८० अंशांना मऊ पडतं. तपकिरी व्हायला लागलं किंवा तिखट वास आला तर जास्त झालं, तो धूर वाईट. हे काम अंगणातच करा. मऊ झाला की दोन फळ्यांमध्ये दाबून सपाट पत्रा होतो. पात्याला दोन वेढे कागदाची चिकटपट्टी लावा, म्हणजे आत थोडी जागा राहील. पत्रा परत गरम करून मधोमध दुमडून पात्याभोवती घाला आणि फळ्यांमध्ये दाबून धरा, मूठ जिथे सुरू होते तिथे बोटांनी जरा जास्त. तो चिमटा सुरी धरून ठेवतो. गार झाल्यावर धारेच्या बाजूला कडेने भोकं पाडून रिपिट. खाली टोकाशी एक भोक उघडं, पाणी निघून जायला. उलटी करून झटका द्या: सुरी पडली तर परत गरम करून दाबा.

डाव्या-उजव्याचा प्रश्नच नाही. अडकवण्याची पट्टी ज्या अंगाला पाहिजे त्या अंगाला मारा. फक्त उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, आकार सैल पडतो.

आंबोळी

चामड्याला हे उत्तर सापडलं. आतून धुताही येतं.

डावखुरा

झकास. कुठला पाइप घेऊ? दोन इंची आहे घरात, पण ४ किलो दाबाचा आणि ६ किलो दाबाचा असे दोन्ही तुकडे पडलेत.

मळ्यातला

४ किलोचा. ६ चा जाड पडतो, दुमडताना कोपरा फुगतो.